संगणकाला पत्ता का मिळत नाही?
व्हीलॅन आणि डीएचसीपी रिलेमधील बिघाड शोधण्याची सोपी रीत

दुकानात संगणक आला तेव्हा तो एकटाच होता. मुनीमजींच्या टेबलावर बसून तो बिले छापत असे. आज मध्यम आकाराच्या व्यापाऱ्याकडेही बिलाच्या काउंटरवरील दोन-तीन संगणक, हिशोबाचा संगणक, कारागिरांच्या हजेरीचे यंत्र, आठ-दहा कॅमेरे आणि गिऱ्हाइकांसाठी वायफाय इतका पसारा असतो. हे सगळे एकाच स्विचला जोडलेले असते. मग कोणी जाणकार सल्ला देतो की, ज्या वायफायवर अनोळखी गिऱ्हाइकाचा फोन चालतो, त्याच जाळ्यावर आपले खातेपुस्तक उघडे ठेवू नका, जाळ्याचे विभाग पाडा. सल्ला योग्य असतो. विभाग पाडले जातात आणि नेमके दुसऱ्या दिवशी बिलाच्या काउंटरवरचा संगणक बंद पडल्यासारखा होतो. त्याला पत्ताच मिळत नाही.

अशा वेळी जाळे बसवणारा माणूस बहुधा दोनपैकी एक उपाय सुचवतो. पहिला, नवा महागडा स्विच घ्या. दुसरा, विभाग मोडून पुन्हा सगळे एकत्र करा. पहिल्या उपायात पैसा जातो. दुसऱ्यात काम लगेच सुरू होते, पण हिशोब, कॅमेरे आणि परक्यांचे फोन पुन्हा एका ओसरीत येऊन बसतात. बहुतेक वेळा या दोन्ही उपायांची गरज नसते. बिघाड ठराविक सात-आठ ठिकाणांपैकी एका ठिकाणी असतो आणि क्रमाने पाहिले तर तो बहुधा तास-दोन तासांत सापडतो. मालकाला स्वतः स्विच चालवता आला नाही तरी चालेल. पण कोणते प्रश्न विचारायचे हे त्याला माहीत असले पाहिजे.

पत्ता कसा मिळतो?

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. शंभर यंत्रांना हाताने पत्ते देत बसणे त्रासाचे, म्हणून पत्ते वाटणारी व्यवस्था असते. तिचे नाव डीएचसीपी. हिचा नियम प्रथम १९९३ मध्ये ठरला आणि १९९७ मध्ये सुधारून पक्का झाला. त्याआधी १९८५ पासून बूटपी नावाची अशीच जुनी पद्धत होती.

हा व्यवहार चार बोलांत होतो. नवा संगणक सुरू होताच हाक मारतो, "पत्ता देणारा कोणी आहे का?" याला डिस्कव्हर म्हणतात. पत्ते वाटणारा सर्व्हर म्हणतो, "हा पत्ता मोकळा आहे, घेतोस का?" ही ऑफर. संगणक म्हणतो, "हाच द्या." ही रिक्वेस्ट. सर्व्हर म्हणतो, "दिला, अमुक वेळेपर्यंत तुझा." ही पोच. पत्ता कायमचा मिळत नाही, गाळ्यासारखा भाड्याने मिळतो. या मुदतीला लीज म्हणतात.

यातली पहिली हाक महत्त्वाची आहे. संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कोठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून तो कोणा एकाला न बोलावता सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी देतो. ही आरोळी त्याच्या मोहल्ल्याच्या भिंतीपलीकडे जात नाही.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये उभारलेल्या अशा भिंती. तारा त्याच, पेटी तीच, पण व्हीलॅन २० मधील आरोळी व्हीलॅन १० मध्ये ऐकू येत नाही. सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये असेल, तर २० मधला संगणक कितीही ओरडला तरी त्याला उत्तर मिळणार नाही. ही यंत्राची चूक नाही. भिंत घातली म्हणजे असेच व्हायचे.

रिले म्हणजे वेशीवरचा माणूस

यावर उपाय म्हणजे डीएचसीपी रिले. मोहल्ल्याच्या वेशीवर एक माणूस बसवायचा. त्याने आतली आरोळी ऐकायची, ती कागदावर उतरवायची, खाली "ही मागणी अमुक वेशीवरून आली" असे लिहायचे आणि तो कागद थेट कचेरीत पाठवायचा. कचेरी कागदावरील वेशीचे नाव वाचते, त्याच मोहल्ल्यातले मोकळे घर शोधते आणि उत्तर वेशीवरच्या माणसाकडे पाठवते. तो ते मागणाऱ्याला पोचवतो.

स्विचमध्ये हा माणूस म्हणजे त्या व्हीलॅनचा गेटवे, आणि वेशीचे नाव म्हणजे गेटवेचा स्वतःचा पत्ता. तो ज्या रकान्यात लिहिला जातो त्याला तांत्रिक भाषेत जीआयएडीडीआर म्हणतात. सर्व्हर या एका रकान्यावरून ठरवतो की पत्ता कोणत्या गटातला द्यायचा. पुढचे निम्मे बिघाड या रकान्याशी निगडित आहेत, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

हे काम करण्यासाठी स्विच लेयर थ्री जातीचा, म्हणजे निरनिराळ्या व्हीलॅनमध्ये रस्ता दाखवणारा असावा लागतो. साधा लेयर टू स्विच भिंती घालू शकतो, पण साधारणपणे वेशीवर माणूस बसवू शकत नाही. तसा स्विच असेल तर ते काम राउटर किंवा फायरवॉलकडून करून घ्यावे. त्यासाठी नवा स्विच घ्यायलाच हवा असे नाही.

एक उदाहरण

समजा, तयार कपड्यांच्या एका व्यापाऱ्याची तीन मजली इमारत आहे. खाली दुकान, वर शिलाईचा कारखाना, त्यावर कार्यालय. विभाग असे आहेत :

व्हीलॅन १०, कार्यालय : पत्ते १९२.१६८.१०.१ पासून. पत्ते वाटणारा सर्व्हर १९२.१६८.१०.५.
व्हीलॅन २०, बिलाचे काउंटर : पत्ते १९२.१६८.२०.१ पासून.
व्हीलॅन ३०, कॅमेरे व हजेरी यंत्र : पत्ते १९२.१६८.३०.१ पासून.
व्हीलॅन ४०, गिऱ्हाइकांचे वायफाय : पत्ते १९२.१६८.४०.१ पासून.

प्रत्येक विभागातला पहिला, म्हणजे ज्याच्या शेवटी १ आहे तो पत्ता स्विचचा गेटवे आहे. आता तक्रार अशी : कार्यालयात सगळे ठीक, काउंटरवर काहीच नाही.

काउंटरवरील विंडोज संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला कोणाचेच उत्तर मिळाले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. तो १९२.१६८.०.७ असा आपल्या यादीत नसलेला पत्ता दाखवत असेल, तर मामला वेगळा आहे. कोणी तरी दुसराच पत्ते वाटतो आहे. त्याबद्दल पुढे येईल.

पहिली कसोटी : हाताने पत्ता द्या

इकडे तिकडे हात घालण्याआधी ही एक कसोटी करावी. एक लॅपटॉप काउंटरच्या तारेला जोडून त्याला हाताने १९२.१६८.२०.२०० असा, वाटपाच्या यादीबाहेरचा पत्ता द्यावा. गेटवे १९२.१६८.२०.१ लिहावा. मग आधी गेटवेला आणि नंतर सर्व्हरला पिंग करावे.

गेटवेच उत्तर देत नसेल, तर बिघाड काउंटर आणि स्विच यांच्या दरम्यान आहे. रिलेकडे पाहण्याची गरज नाही. गेटवे बोलतो पण सर्व्हर बोलत नाही, असे असेल तर दोष बहुधा रस्त्याचा किंवा सर्व्हरच्या फायरवॉलचा आहे. दोघेही बोलत असतील, तर रस्ता चांगला आहे आणि दोष रिलेत, सर्व्हरच्या यादीत किंवा एखाद्या पहारेकऱ्यात आहे. पाच मिनिटांच्या या कसोटीने निम्म्याहून अधिक शंका मिटतात.

गेटवेच बोलत नसेल तर

तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, काउंटरची तार स्विचच्या ज्या पोर्टमध्ये आहे तो पोर्ट खरोखर व्हीलॅन २० मध्ये आहे काय? सिस्कोच्या स्विचवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' ही आज्ञा ते दाखवते. साफसफाईत कोणी तार उपटून शेजारच्या भोकात घातली, एवढेही कारण पुरते.

दुसरी, दुकानात वेगळा छोटा स्विच असेल, तर दोन स्विचमधील ट्रंक तारेवरून व्हीलॅन २० ला जायची परवानगी आहे काय? 'शो इंटरफेसेस ट्रंक' ने ते कळते. येथे एक घातक सापळा आहे. ट्रंकच्या परवानगी-यादीत नवा व्हीलॅन टाकताना 'ॲड' हा शब्द विसरला, तर सिस्कोचा स्विच जुनी सगळी यादी पुसून फक्त नवा व्हीलॅन ठेवतो. कॅमेऱ्यांसाठी ३० जोडायला गेलेला माणूस अशा रीतीने काउंटरचा २० तोडून येतो.

तिसरी, व्हीलॅन २० चा गेटवे जागा आहे काय? 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मध्ये त्याच्यासमोर दोन्ही रकान्यांत 'अप' दिसले पाहिजे. त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल, किंवा व्हीलॅन स्विचमध्ये तयारच केला नसेल, तर गेटवे झोपलेला राहतो.

रिलेची ओळ कोठे लिहिली आहे?

सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक ही आहे. सिस्कोच्या स्विचमध्ये रिलेसाठी 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' अशी ओळ लिहून तिच्यापुढे सर्व्हरचा पत्ता देतात. ही ओळ मागणाऱ्याच्या वेशीवर लिहायची असते, म्हणजे व्हीलॅन २०, ३० आणि ४० च्या गेटवेवर. पुष्कळ जण ती सर्व्हरच्या व्हीलॅन १० वर लिहितात. तेथे तिचा काही उपयोग नाही, कारण त्या मोहल्ल्यात सर्व्हरला आरोळी तशीही ऐकू येते.

दुसरी चूक, हेल्परमध्ये सर्व्हरचा जुना पत्ता राहून जाणे. सर्व्हर बदलला की ही ओळ प्रत्येक व्हीलॅनवर बदलावी लागते.

तिसरी, स्विचमध्ये 'सर्व्हिस डीएचसीपी' बंद केलेली असणे. स्विचने स्वतः पत्ते वाटू नयेत म्हणून कोणी ती बंद करतो. पण सिस्कोमध्ये त्याच कळीने रिलेही बंद होतो.

चौथी, 'आयपी राउटिंग' चालू न करणे. मग गेटवे दिसतात, पण एका विभागातून दुसऱ्यात कोणी जाऊ शकत नाही.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये डीएचसीपी रिलेचा वेगळा रकाना असतो. त्यात इंटरफेस, सर्व्हरचा पत्ता आणि 'लोकल ॲड्रेस' भरावे लागते. हा लोकल ॲड्रेस म्हणजे आपला वेशीवरचा पत्ता. तो त्या व्हीलॅनचाच असला पाहिजे. इतर कंपन्यांच्या स्विचवर नावे थोडी वेगळी असतात, पण मागितले जाते तेच.

सर्व्हरकडची बाजू

स्विच बरोबर असूनही सर्व्हर गप्प राहू शकतो. त्याची कारणे अशी :

(१) सर्व्हरवर व्हीलॅन २० ची यादीच नाही. या यादीला विंडोजमध्ये स्कोप म्हणतात. वेशीचा पत्ता १९२.१६८.२०.१ आला आणि त्या गटाचा स्कोप नसला, तर सर्व्हर काहीच देत नाही.

(२) स्कोप आहे, पण पत्ते संपले आहेत. गिऱ्हाइकांच्या वायफायवर हे हमखास होते. दोनशे पत्ते आणि आठ दिवसांची लीज ठेवली, तर ईदच्या किंवा दिवाळीच्या गर्दीत दोन दिवसांत यादी संपते. आलेला गिऱ्हाईक अर्ध्या तासात निघून जातो, पण त्याचा पत्ता आठवडाभर अडकून राहतो. अशा विभागात लीज तास-दोन तासांची ठेवावी.

(३) सर्व्हरलाच परतीचा रस्ता माहीत नाही. सर्व्हरमध्ये डिफॉल्ट गेटवे लिहिला नसेल किंवा भलताच लिहिला असेल, तर मागणी पोचते, पण उत्तर परत येत नाही. येथे एक फसवी गोष्ट आहे. स्विचवरून सर्व्हरला साधे पिंग केले, तर स्विच स्वतःचा व्हीलॅन १० मधला पत्ता वापरतो, उत्तर येते आणि सगळे ठीक वाटते. म्हणून पिंग करताना 'सोर्स व्हीलॅन २०' असे जोडावे. मग खरी परीक्षा होते.

(४) सर्व्हरवरील फायरवॉल. पत्त्यांची मागणी यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या दारावर येते. ते दार उघडे हवे.

(५) सर्व्हर विंडोजचा असून कंपनीच्या डोमेनमध्ये असेल, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याला पत्ते वाटण्याची मंजुरी द्यावी लागते. नवा सर्व्हर बसवताना ही पायरी राहून जाते.

पहारेकरीच आडवा येतो तेव्हा

चांगल्या स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग नावाचा पहारा असतो. कारागिराने घरून वायफायचा छोटा डबा आणून कारखान्याच्या तारेला लावला, तर तो डबाही पत्ते वाटू लागतो. १९२.१६८.०.७ असा परका पत्ता दिसण्याचे कारण बहुधा हेच. स्नूपिंग असे भलते वाटप थांबवते. पण खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट 'ट्रस्ट' म्हणजे विश्वासाचा ठरवला नाही, तर खऱ्या सर्व्हरची उत्तरेही तो परक्याची समजून फेकून देतो.

याच्याशी जोडलेला एक बारीक बिघाड आहे. स्नूपिंग चालू केले की सिस्कोचा खालचा स्विच मागणीच्या कागदावर 'ऑप्शन ८२' नावाची स्वतःची नोंद चिकटवतो. वेशीचा रकाना अजून कोरा असतो. असा कागद वरच्या स्विचकडे आला की तो संशयाने टाकून देतो. कोठेही चूक दिसत नाही, तरी पत्ता मिळत नाही. उपाय दोन : खालच्या स्विचवर ही नोंद चिकटवणे बंद करावे, किंवा वरच्या स्विचला अशा नोंदींवर विश्वास ठेवायला सांगावे. दुकानापुरता पहिला उपाय सोपा.

दुसरा पहारेकरी म्हणजे ॲक्सेस लिस्ट. लेयर थ्री स्विच विभागांमध्ये रस्ता मोकळा करतो, म्हणून केवळ व्हीलॅन पाडल्याने गिऱ्हाइकाचा फोन हिशोबापासून दूर राहत नाही. व्हीलॅन ४० वर मनाईची यादी लावावीच लागते. मात्र ती लावताना पत्त्याच्या मागणीला वाट ठेवावी. अजून पत्ता नसलेल्या फोनची आरोळीही याच यादीतून जाते. आरोळीला वाट दिली आणि सर्व्हरकडे थेट जाणाऱ्या मागणीला दिली नाही, तर आणखी विचित्र प्रकार होतो. पत्ता सुरुवातीला मिळतो, पण लीजची अर्धी मुदत संपल्यावर नूतनीकरण होत नाही. कारण नूतनीकरणाची मागणी संगणक वेशीवरच्या माणसाला मध्ये न घेता थेट सर्व्हरला पाठवतो. ती अडली, की सुमारे साडेसत्याऐंशी टक्के मुदत गेल्यावर तो पुन्हा आरोळी देतो.

"काल चालत होते" याचा अर्थ

दोन कारणे नेहमी फसवतात. एक, जुनी लीज. सोमवारी स्विचमध्ये चूक झाली, तरी ज्यांच्याकडे पत्ता आहे ते संगणक चालतच राहतात आणि गुरुवारी एकेक करून बंद पडतात. म्हणून कोणताही बदल केल्यावर काउंटरच्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग रिलीज' आणि मग 'रिन्यू' करून तेथेच पाहावे.

दुसरे, वीज. सिस्कोच्या स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो जतन करण्याची वेगळी आज्ञा असते. ती न देता माणूस निघून गेला आणि रात्री वीज गेली, तर सकाळी स्विच जुन्याच अवस्थेत उठतो. ज्या गावांत वीज वारंवार जाते, तेथे हे अवश्य विचारावे.

याशिवाय, तार जोडल्यावर पत्ता अर्ध्या मिनिटाने मिळत असेल, तर बिघाड रिलेचा नसतो. स्विच जाळ्यात फेरा नाही ना हे तपासत असतो, आणि जुन्या पद्धतीत त्याला तीस सेकंद लागतात. संगणकाच्या पोर्टवर 'पोर्टफास्ट' चालू केल्याने हा वेळ वाचतो. मात्र दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर ते करू नये.

पैसे चुकते करण्यापूर्वी

जाळे बसवणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रत्येक व्हीलॅनचा क्रमांक, त्याचे पत्ते व गेटवे, कोणत्या पोर्टवर कोणता विभाग याचा तक्ता, सर्व्हर व स्विचचे पासवर्ड, आणि स्विचच्या जतन केलेल्या मांडणीची प्रत. मग त्याच्यासमोर प्रत्येक विभागात एकेक यंत्र बंद करून चालू करावे व पत्ता मिळतो का ते पाहावे. स्विचची वीज काढून पुन्हा लावावी आणि हीच तपासणी परत करावी. शेवटी गिऱ्हाइकांच्या वायफायवरून हिशोबाचा संगणक उघडतो का, हेही पाहावे. तो उघडला, तर काम पुरे झालेले नाही.

ज्यांच्याकडे पाच-सात यंत्रेच आहेत, त्यांनी वेगळा सर्व्हर व रिलेच्या भानगडीत पडू नये. पुष्कळ राउटर आणि लेयर थ्री स्विच प्रत्येक व्हीलॅनला स्वतःच पत्ते वाटू शकतात, आणि तेवढ्यावर काम भागते. मोठा पसारा असणाऱ्यांनी मात्र वरचा क्रम लिहून स्विचच्या पेटीला चिकटवून ठेवावा : हाताने पत्ता, पोर्ट, ट्रंक, गेटवे, हेल्पर, स्कोप, परतीचा रस्ता, पहारेकरी. ऐन बाजाराच्या दिवशी काउंटर अडला, की हा कागद उपयोगी पडतो आणि कोणी घाईने भिंती पाडून मोकळा होत नाही.